येरवडा आणि येशूसंघाचें व्रत

पुण्याच्या बोलींत येरवडा हें नांव फारशा चांगल्या अर्थानें येत नाहीं. कोणी विसंगत बोलूं लागला म्हणजे त्याची रवानगी येरवड्यास करावी असें म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, आणि कोणी अफरातफर करतांना सांपडला तरी त्याचीही वाट येरवड्याकडेच दाखविली जाते. वेड्यांचें इस्पितळ आणि तुरुंग ह्या दोन वास्तूंनीं एका जुन्या गांवाचें नांव असें व्यापून टाकिलें आहे. परंतु १८६७ सालच्या फिट्झगेराल्ड पुलाशीं उभें राहून नदीपलीकडे पाहिलें, म्हणजे दोन कोसांच्या टापूंत अशा तीन जागा आहेत कीं, त्यांचा एकमेकींशीं संबंध जोडण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पहिली डेक्कन कॉलेजची टेकडी. दुसरी मध्यवर्ती कारागृह. आणि तिसरी, नगर रस्त्यावर आगाखान राजवाड्याच्या पुढें रामवाडीस असलेली पेपल सेमिनरी व तिला लागून असलेलें दि नोबिली कॉलेज, म्हणजे रोमन कॅथलिक धर्मगुरूंचीं विद्यालयें. आतां मेट्रोच्या एका मार्गाचें शेवटचें स्थानकच रामवाडीस झाल्यामुळें हें नांव पुणेकरांच्या तोंडीं रोज येतें. त्या भिंतींच्या आंत काय चालतें हें मात्र पूर्वीइतकेंच अज्ञात आहे.

ह्या तिन्ही ठिकाणीं निरनिराळ्या काळीं एकाच प्रश्नाचा विचार झालेला आहे. माणसानें आपलें सारें आयुष्य एका कार्यास बांधून घ्यावें कीं नाहीं, घ्यावयाचें तर कोणत्या व्रतानें, आणि एकदां बांधून घेतल्यावर आपली सदसद्विवेकबुद्धि कोणाच्या स्वाधीन करावी, हा तो प्रश्न. ज्यांनीं अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत शिकविलें आहे आणि ज्यांच्या गुरुजनकक्षांत अलीकडे थकबाकी व महागाईभत्ता यांवांचून दुसरें बोलणें क्वचित् होतें, अशा आमच्यासारख्यांस हा प्रश्न केवळ इतिहासाचा वाटत नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

'जेझुइट' हा शब्द आम्हीं विद्यार्थिदशेंत प्रथम इंग्रजी कोशांत पाहिला. त्याचा एक अर्थ कपटी, शब्दच्छल करणारा असा तेथें दिलेला होता. प्रॉटेस्टंट इंग्लंडानें आपल्या शत्रूस दिलेली ती शिवी. पुढें टिळकांचें चरित्र वाचूं लागल्यावर हाच शब्द पुण्यांतल्या पुढाऱ्यांच्या तोंडीं अगदीं उलट, आदराच्या अर्थानें आलेला पाहून आम्हांस नवल वाटलें. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या बरोबर टिळकांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें आणि एम्. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर त्यांना येऊन मिळाले. परंतु त्या शाळेचा खरा संकल्प आधींच, डेक्कन कॉलेजांत, ह्याच येरवड्याच्या टेकडीवर दोघां मित्रांच्या रात्रीरात्रींच्या वादांतून झालेला होता. सरकारी नोकरी पत्करावयाची नाहीं, पोटापुरतें घ्यावयाचें आणि उरलेलें आयुष्य शिक्षणास द्यावयाचें, असा तो संकल्प. पुढें १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज निघालें, आणि संस्था मोठी होऊं लागली तसा संकल्पाचा अर्थ काय ह्याबद्दल वाद माजला. १८९० सालीं सोसायटी सोडतांना टिळकांनीं जें प्रदीर्घ निवेदन लिहिलें, त्यांत त्यांचा सारा भर ह्या जेझुइटी तत्त्वावर आहे: सर्वांनीं सारखें व बेताचें वेतन घ्यावें, सारा वेळ संस्थेस द्यावा, आणि बाहेरची मिळकत ज्याची त्यानें खिशांत घालूं नये. हें तत्त्व सुटलें म्हणून मी सुटतों, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आगरकर, गोखले प्रभृति मंडळींचें मत निराळें पडलें. पोट भरण्याइतकें संस्था देत नसेल तर माणसानें फावल्या वेळांत चार पैसे मिळविण्यास तिची आडकाठी असूं नये, हें त्यांचें म्हणणेंही आज वाचतांना अन्यायाचें वाटत नाहीं. ह्या भांडणांत पक्ष घेण्याचा आमचा विचार नाहीं. टिळक काय किंवा त्यांचे विरोधक काय, दोघांच्याही डोळ्यांपुढें माप म्हणून जें होतें तें सोळाव्या शतकांतल्या एका कॅथलिक संघाचें होतें, एवढेंच दाखवावयाचें आहे.

गोखल्यांनीं पंचाहत्तर रुपयांच्या मासिक वेतनावर आपलीं वर्षें पुरीं केलीं आणि १२ जून १९०५ रोजीं पुण्यांत भारत सेवक समाज स्थापन केला. त्यांत प्रवेश करणाऱ्यास सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. पांच वर्षें उमेदवारी करावी लागे. त्या अवधींत प्रथम सभासदाच्या आज्ञेंत राहावें लागे. लोकांनीं ह्या संस्थेस जेझुइटांची उपमा दिली ती उगीच दिली नाहीं. गंमत एवढीच कीं, खरे जेझुइट त्या वेळीं पुण्यांतच होते. लष्करांत सेंट व्हिन्सेंट नांवाची त्यांची शाळा १८६७ पासून चालू होती. मेकॉलेच्या निबंधांतून जेझुइटांची धडाडी वाचणाऱ्या आमच्या विद्वानांपैकीं कोणी तिकडे जाऊन, बाबांनो तुम्ही हें व्रत पाळतां तरी कसें, असें विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. शहर आणि लष्कर ह्यांमधलें अंतर मैलांत मोजण्यासारखें नव्हतें.

हा संघ ज्यानें काढला तो इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधल्या बास्क प्रांताचा एक मानी शिपाईगडी. १५२१ च्या मे महिन्यांत पांप्लोना येथील किल्ला लढवितांना तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला. घरीं अंथरुणास खिळून असतां त्यानें शूर सरदारांच्या प्रेमकथा वाचावयास मागितल्या. घरांत त्या नव्हत्या. ख्रिस्ताचें एक चरित्र आणि संतचरित्रें एवढींच पुस्तकें मिळालीं. दिवसभर त्याचें मन दोन्हीकडे धांवे. कधीं एका थोर कुळांतल्या स्त्रीपुढें पराक्रम गाजविण्याचीं स्वप्नें, तर कधीं संतांप्रमाणें अनवाणी यात्रेस जाण्याचीं. दोन्हीं स्वप्नें सारखींच गोड लागत. परंतु पहिलें ओसरलें म्हणजे मन कोरडें पडे आणि दुसरें ओसरलें तरी तृप्ति मागें राही. ह्या मागें उरणाऱ्या चवीकडे त्याचें लक्ष गेलें, आणि येशूसंघाची सारी अध्यात्मविद्या ह्या एवढ्याशा निरीक्षणांतून निघालेली आहे, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. आपल्या मनांत उठणाऱ्या ओढींपैकीं कोणती ईश्वराकडची आणि कोणती नव्हे, हें तिच्या मागें राहिलेल्या शांतीवरून किंवा अस्वस्थतेवरून ओळखावयाचें. आपल्या संतांनीं स्वतःच्या मनाशीं केलेला झगडा ज्यांनीं वाचला आहे, त्यांस ही वाट अनोळखी वाटूं नये.

१५२२ मध्यें मान्रेसा गांवीं राहून त्यानें जीं टिपणें करण्यास आरंभ केला, तींच पुढें 'आध्यात्मिक साधना' ह्या लहानशा पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध झालीं. १५४८ सालीं पोपनें त्यांस मान्यता दिली. हें पुस्तक हातीं घेऊन वाचावयास बसणाराची निराशा होते. त्यांत रस नाहीं, अलंकार नाहीं. तालीमखान्यांतल्या वस्तादानें शिष्यासाठीं लिहून ठेवावें तसें तें आहे. सुमारें तीस दिवस मौन पाळून, एका जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं तें करावयाचें असतें. पहिल्या भागांत स्वतःच्या पापांचा विचार, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें जीवन, तिसऱ्यांत त्याचें दुःख आणि मरण, चौथ्यांत पुनरुत्थान. प्रत्येक प्रसंग मनांत उभा करावयाचा. तेथला रस्ता किती रुंद आहे, गुहा किती ठेंगणी आहे, माणसें काय बोलत आहेत, वास कसला येतो, हें सारें कल्पनेनें अनुभवावयाचें. ज्यांच्या घरीं आजोबांनीं डोळे मिटून मानसपूजा केलेली त्यांनीं पाहिली असेल, त्यांस हें वेगळें समजावून सांगावें लागणार नाहीं. ह्याशिवाय दिवसांतून दोनदां आत्मपरीक्षण. जो दोष घालवावयाचा असेल तो किती वेळां घडला त्याच्या खुणा कागदावर रेघ ओढून मांडावयाच्या, आणि आजच्या खुणा कालच्यांशीं ताडून पाहावयाच्या. वाण्याच्या वहींतला हा काटेकोरपणा भक्तीच्या प्रांतांत प्रथम विचित्र वाटतो. आम्हीं तो एका चातुर्मासांत करून पाहिला, आणि रागावण्याच्या खुणांनीं कागद इतका भरला कीं तो घरांतील कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून आम्हांस फाडून टाकावा लागला.

ह्या साधनेच्या मुळाशीं एक कल्पना आहे. आरोग्य आणि रोग, संपत्ति आणि दारिद्र्य, दीर्घायुष्य आणि अल्पायुष्य ह्यांपैकीं कशाकडेही मनाचा आधींच कल नसावा. गीतेंतल्या समत्वाची आठवण येथें सहज होते, आणि कित्येकांनीं हें साम्य मोठ्या हौसेनें दाखविलें आहे. पण साम्य दाखवितांना भेद झांकून जाऊं नये. गीतेंत समत्व हा सिद्धाचा स्वभाव म्हणून वर्णिलेला आहे. इग्नेशियसच्या येथें तें निवड करण्यापूर्वींची तयारी आहे. तराजूचीं पारडीं समान करून घ्यावयाचीं तीं वजन घालण्यासाठीं. साधनेच्या शेवटीं माणसानें कांहीं तरी ठरवून, उठून कामास लागावें, ही त्याची अपेक्षा. म्हणूनच त्यानें आपल्या संघांतून सामुदायिक गायन-प्रार्थनेचे तास काढून टाकले. इतर संन्यासी संघ मठांत दिवसाच्या ठराविक वेळीं एकत्र जमून स्तोत्रें गातात. येशूसंघीयानें शाळेंत, इस्पितळांत, राजदरबारीं किंवा समुद्रप्रवासांत असावें आणि तेथेंच ईश्वर पाहावा. कर्मांत राहून ध्यानस्थ असणें, असें त्याच्या एका सहकाऱ्यानें ह्या वृत्तीचें वर्णन केलें आहे.

१५३४ सालीं पॅरिसजवळच्या माँमार्त्र टेकडीवर सात मित्रांनीं व्रत घेतलें. १५४० सालीं तिसऱ्या पॉल पोपानें संघास मान्यता दिली. त्या सातांपैकीं फ्रान्सिस झेव्हियर १५४२ मध्यें गोव्यास पोहोंचला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन हीं तीन व्रतें सर्वच संघांत असतात. येथें पोप सांगेल तेथें धर्मकार्यास जाण्याचें चौथें व्रत वाढलें. आज्ञापालनाविषयीं इग्नेशियसनें १५५३ सालीं पोर्तुगालमधल्या आपल्या मंडळीस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. आणि आज्ञाधारकानें प्रेतासारखें किंवा म्हाताऱ्याच्या हातांतल्या काठीसारखें असावें, ही संघाच्या घटनेंतली उपमा तर त्याच्या निंदकांस आयतीच सांपडली. तिच्या शेजारचा नियम मात्र कोणी सांगत नाहीं. आज्ञा पटत नसेल तर प्रार्थना करून, मन निवल्यावर, आपली हरकत वरिष्ठापुढें मांडण्याची मोकळीक दिलेली आहे. आणि वरिष्ठानेंही प्रत्येकाचें अंतःकरण त्याच्या तोंडून ऐकून घेतल्यावरच त्याला काम नेमून द्यावें, अशी अपेक्षा आहे.

मराठीशीं ह्या संघाचा संबंध टिळक-आगरकरांच्या आधीं तीनशें वर्षांचा आहे. हिंदुस्थानांत कायम राहिलेल्या पहिल्या इंग्रजांपैकीं एक असा फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत बहुतेक साष्टी प्रांतांत राहिला. त्याचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यांतला मराठी भाषेची थोरवी गाणारा भाग शालेय पुस्तकांतून बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. १९०७ सालीं मंगळुरास त्याची नवी आवृत्ति निघाली आणि १९५६ सालीं पुण्यांत शांताराम बंडेलू यांनीं ती देवनागरींत आणिली. स्टीफन्सचें कौतुक आपण करतों तें योग्यच आहे. परंतु तें करतांना साष्टी प्रांत विसरतां कामा नये. ह्याच साष्टींत १५६७ मध्यें देवळें पाडण्यांत आलीं. ह्याच साष्टींत १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच येशूसंघीयांस ठार केलें, आणि त्यानंतर पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या निमित्तानें असोळणेंच्या किल्ल्यांत बोलावून मारलें. स्टीफन्स त्या वेळीं तेथेंच काम करीत होता. ज्यांचीं पुराणें गेलीं त्यांना त्यानें तेहतीस वर्षांनीं ओवीबद्ध पुराण दिलें. ह्या दोन गोष्टी एका वाक्यांत सांगितल्या म्हणजे ख्रिस्ती वाचक अस्वस्थ होतो आणि एकच सांगितली म्हणजे हिंदु वाचक. म्हणून आम्ही त्या एकत्र सांगतों. राजसत्तेच्या तलवारीआडून आलेला धर्मगुरु त्याच प्रजेच्या भाषेवर मनापासून प्रेम करूं शकतो, आणि त्या प्रेमानें तलवारीचा हिशेब फिटत नाहीं.

तलवारीच्या राज्याबाहेर जाऊन पाहण्याचा धीर रॉबर्तो दि नोबिली यानें केला. रामवाडीच्या कॉलेजास त्याचेंच नांव आहे. इटालियन सरदार घराण्यांतला हा तरुण १६०६ मध्यें मदुरेस गेला, काषाय वस्त्रें नेसूं लागला, मांस सोडलें, तमिळ व संस्कृत शिकला आणि संन्यासी म्हणून राहिला. ख्रिस्ती होण्यासाठीं फिरंगी व्हावें लागत नाहीं, हा त्याचा सिद्धांत. त्यावरून त्याच्याच धर्मबंधूंनीं गहजब केला, आणि १६२३ सालीं पोपनें निकाल त्याच्या बाजूनें दिला. आजच्या ख्रिस्ती विद्वानांस ह्या पुरुषाचा मोठा अभिमान आहे. आम्हांसही आहे, पण त्याच्या यशाची एक किंमत होती. ब्राह्मणांत राहावयाचें म्हणून त्यानें ब्राह्मणांचे सोंवळेंही पत्करलें, आणि खालच्या मानलेल्या जातींसाठीं निराळे धर्मगुरु नेमावे लागले. परक्या संस्कृतीचा आदर करावयास निघालेला माणूस तिच्यांतल्या अन्यायासही वंदन करून बसतो, ही आपत्ति केवळ ख्रिस्त्यांपुरती नाहीं.

महाराष्ट्रांत पुढें अगदीं उलट घडलें. पण मध्यंतरीं हा संघच नाहींसा झाला होता. पोर्तुगालनें १७५९ मध्यें त्याला आपल्या राज्यांतून हांकलून दिलें, फ्रान्स व स्पेन यांनीं तोच कित्ता गिरविला, आणि अखेर २१ जुलै १७७३ रोजीं चौदाव्या क्लेमेंट पोपानें त्या राजांच्या दडपणाखालीं संघ बरखास्त केला. (त्याच वर्षीं ३० ऑगस्टला पुण्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, यूरोपांतली ही उलथापालथ त्या दिवसांत पुण्यास कळती तरी तिची मातब्बरी कोणास वाटली असती?) ज्या पोपाच्या आज्ञेचें चौथें व्रत घेतलेलें, त्यानेंच संघ मोडला, आणि संघ मोडला गेला. बंड झालें नाहीं. संघप्रमुख लोरेन्झो रिची ह्याला रोममधील सांतांजेलो किल्ल्यांत कोंडून ठेविलें, आणि १७७५ च्या नोव्हेंबरांत तो त्याच कैदेंत मरण पावला. केवळ रशियाच्या कॅथेरीन राणीनें पोपचा हुकूम आपल्या राज्यांत जाहीर होऊं दिला नाहीं म्हणून तिकडे थोडे लोक टिकले. १८१४ मध्यें सातव्या पायस पोपानें संघ पुन्हा उभा केला.

मुंबई-पुण्याकडे आले ते बहुतेक जर्मन येशूसंघीय. पुण्याचा धर्मप्रांत १८८६ मध्यें निराळा झाला. पहिला बिशप बायडरलिंडेन हाही त्यांच्यापैकींच. त्यांचें मोठें काम मात्र पुण्यांत झालें नाहीं. १८७६–७८ च्या दुष्काळाच्या शेवटीं फादर वाइसहाउप्ट हे नगर जिल्ह्यांत राहुरी तालुक्यांतल्या केंदळ गांवीं गेले, आणि तेथून महारवाड्या व मांगवाड्यांतून संघाचा प्रसार झाला. अमेरिकन मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट लोक नगरास १८३१ पासून होतेच. पोटासाठीं बाटले, असें ह्या नवख्रिस्त्यांबद्दल म्हणण्याची आपल्यांत रीत आहे. ज्या गांवानें त्यांना विहिरीवर पाणी भरूं दिलें नाहीं त्या गांवाच्या तोंडीं ही टीका शोभत नाहीं. पण मिशनऱ्यांच्या बाजूनेंही सांगावयाचें तें पुरें सांगितलें पाहिजे. मोतमावल्यांच्या देवळांत येऊनही जात सुटली नाहीं. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती हीं नांवें राहिलींच.

केंदळांतून एप्रिल १९०३ मध्यें 'निरोप्या' नांवाचें मराठी मासिक निघालें. तें काढणारे फादर हेन्री डोरिंग. वाचक आपल्यापैकीं बहुतेक सर्व प्रॉटेस्टंट 'ज्ञानोदया'स ओळखतात. 'निरोप्या'चें नांव क्वचित् कोणी ऐकलें असेल, आणि तरी एका खेड्यांतून निघालेलें हें मासिक शतकापलीकडे टिकलें. डोरिंग १९०७ मध्यें पुण्याचे बिशप झाले. पुढें महायुद्ध आलें. जर्मन धर्मगुरु शत्रुराष्ट्राचे म्हणून अटकेंत पडले व परत पाठविले गेले. नगरच्या खेड्यांतलें काम पोरकें झालें. १९२१ सालीं वरिष्ठांनीं डोरिंग यांस जपानांत धाडलें, आणि बासष्ट वर्षांचा हा गृहस्थ मराठी बाजूला ठेवून हिरोशिमाच्या धर्मप्रांताचा पहिला प्रमुख झाला. सहा वर्षांनीं पुन्हा आज्ञा झाली, पुण्यास जा. ते आले आणि नव्वदीच्या घरांत पोहोंचेपर्यंत पुण्याचे धर्माध्यक्ष राहिले. १९४९ मध्यें त्यांच्या जागीं अँड्र्यू डिसोझा हे पहिले हिंदी बिशप आले. १९५१ मध्यें डोरिंग वारले. प्रेताची किंवा काठीची उपमा वाचून जो तिटकारा येतो, तो ह्या आयुष्याकडे पाहिल्यावर थोडा निवतो. काठी जेथें टेंकली तेथें तिनें पालवी धरलेली दिसते.

डोरिंग ज्या हिरोशिमांतून परत आले, तेथेंच गांवाबाहेरच्या येशूसंघीय आश्रमांत ६ ऑगस्ट १९४५ रोजीं पेद्रो आरुपे हा स्पॅनिश धर्मगुरु होता. तो पूर्वीं वैद्यक शिकलेला. त्यानें त्या आश्रमाचें इस्पितळ केलें. हाच पुढें १९६५ मध्यें संघप्रमुख झाला, आणि १९७५ च्या महासभेंत श्रद्धेची सेवा व न्यायाचा आग्रह हीं दोन निरनिराळीं कामें नव्हत असा संघाचा ठराव झाला. नगर जिल्ह्यांत (आतां त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) हर्मन बाखर ह्या स्विस येशूसंघीयानें १९८९ नंतर पाणलोटक्षेत्राच्या विकासाची जी मोठी योजना उभी केली, तिच्या मागें हीच वृत्ति दिसते. तिच्यांत धर्मांतराचा प्रश्न नव्हता. डोंगरउतारावर चर खणून पाऊस अडवावयाचा होता. आरुपे १९८१ मध्यें पक्षाघातानें आजारी पडले, तेव्हां दुसऱ्या जॉन पॉल पोपानें संघाची नेहमींची रीत बाजूला सारून आपला प्रतिनिधि नेमला. पुष्कळांस तें झोंबलें. दोनशें आठ वर्षांपूर्वींप्रमाणें ह्याही वेळीं संघानें मान तुकविली.

रामवाडीचें गुरुकुल मूळचें पुण्याचें नव्हे. तेराव्या लिओ पोपानें १८९३ सालीं सिलोनांत कँडी येथें तें स्थापन केलें व बेल्जियन येशूसंघीयांच्या हवालीं केलें. हिंदुस्थानच्या पुत्रांनींच हिंदुस्थानच्या तारणाची सेवा करावी, अशा अर्थाचें त्याचें बोधवाक्य आहे. १९५५ मध्यें तें पुण्यास आलें, आणि त्याच्या शिक्षणशाखेस १९७२ मध्यें ज्ञानदीप विद्यापीठ असें नांव मिळालें. तेथें शिकणारे सगळेच येशूसंघाचे नसतात. परंतु शिक्षणाची धुरा संघाकडे आहे.

आतां मधल्या जागेकडे, तुरुंगाकडे, वळूं. १९३० च्या मे महिन्यांत गांधीजींस येरवड्यास आणून ठेविलें, आणि त्यांनीं ह्या जागेस येरवडा मंदिर म्हणण्यास आरंभ केला. त्या वर्षीं ते दर मंगळवारीं पहाटेच्या प्रार्थनेनंतर साबरमतीच्या आश्रमवासीयांस एकेका व्रतावर गुजराती पत्र लिहीत. म्हणून पुस्तकाचें नांव 'मंगल प्रभात'. सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह, अभय, अस्पृश्यतानिवारण, शरीरश्रम, सर्वधर्मसमभाव आणि स्वदेशी. स्वदेशीवर मात्र त्यांनीं तुरुंगांतून लिहिलें नाहीं. तो विषय राजकारणाचा, आणि कैद्यानें राजकारण लिहूं नये, हा नियम त्यांनीं स्वतःवर लादून घेतला. व्रत घेणें हें दुबळ्याचें काम आहे ह्या आक्षेपासही त्यांनीं तेथेंच उत्तर दिलें: व्रत न घेणारा मनुष्य संकटाच्या वेळीं निसटण्याची फट आधींच ठेवून देतो.

ही यादी येशूसंघाच्या व्रतांशेजारीं ठेवून पाहावी. दारिद्र्य म्हणजे अपरिग्रह. ब्रह्मचर्य दोन्हीकडे आहे. आज्ञापालन गांधीजींच्या यादींत नाहीं, आणि अभय इग्नेशियसच्या यादींत नाहीं. सारा फरक ह्या दोन शब्दांत आहे असें आम्हांस वाटतें. गांधीजी अंतर्नादाचें ऐकत, आणि १९३२ च्या सप्टेंबरांत ह्याच भिंतींआड त्यांनीं प्राणांतिक उपोषण मांडलें तेव्हां तो नाद दुसऱ्या कोणास तपासतां येत नव्हता. आंबेडकरांस त्याची जी किंमत द्यावी लागली ती २४ तारखेच्या करारावर लिहिलेली आहे. इग्नेशियसचा सारा आटापिटा ह्याच भीतीमुळें होता. मनांतला आवाज ईश्वराचा कीं आपल्याच अहंकाराचा, हें एकट्यानें ठरवूं नये. दुसऱ्या जाणत्यापुढें तें उघडें करावें. उलट, दुसऱ्याच्या हातीं आपली बुद्धि दिली म्हणजे साष्टींतलें देऊळ पाडलें जात असतां ती बुद्धि काय करते, हाही प्रश्न आहेच, आणि त्याला संघाच्या घटनेंत उत्तर सांपडत नाहीं. तें सांपडलें तर व्यक्तींत सांपडतें. स्टॅन स्वामी हे त्र्याऐंशीं वर्षांचे येशूसंघीय झारखंडांतल्या आदिवासींसाठीं काम करीत. पुण्यांत नोंदल्या गेलेल्या भीमा-कोरेगांव प्रकरणांत त्यांस ऑक्टोबर २०२० मध्यें अटक झाली आणि खटला चालण्यापूर्वींच ५ जुलै २०२१ रोजीं कोठडींतच, मुंबईच्या इस्पितळांत, त्यांचा अंत झाला. अभय हें व्रत ज्या यादींत नव्हतें त्या यादीचा माणूस तें पाळून गेला.

टिळक १८९० मध्यें बाहेर पडले, रिची १७७५ मध्यें आंतच मेला. एकाची संस्था त्याच्या मनाप्रमाणें राहिली नाहीं, दुसऱ्याची संस्था उरलीच नाहीं. चाळीस वर्षांनीं ती परत आली त्याचें श्रेय आज्ञापालनास द्यावें कीं एका लहरी राणीस, हें आम्ही ठरवूं शकत नाहीं. आमच्यापुरतें एवढें खरें कीं, आजीव सेवेचा अर्ज भरतांना आम्हींही एका संस्थेंत सही केली होती. त्या कागदावर कोणतेंच व्रत लिहिलेलें नव्हतें, आणि पहिल्याच उन्हाळ्यांत आम्ही खाजगी शिकवण्या घेऊं लागलों.

डेक्कन कॉलेज १९३४ मध्यें बंद पडलें आणि १९३९ मध्यें संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलें. त्या संस्थेनें १९६० सालीं 'कल्ट ऑफ विठोबा' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखक जी. ए. देल्यूरी, फ्रेंच येशूसंघीय. आधीं १९५६ मध्यें त्यांनीं तुकोबांचे निवडक अभंग फ्रेंचांत आणिले होते. विठोबावरच्या ग्रंथासाठीं ते पालखीबरोबर पंढरीच्या वाटेनें चालले. पुंडलिकाचा देव, त्याची मूर्ति, दिंड्यांची रचना, कोणती दिंडी रथाच्या पुढें व कोणती मागें, हें सारें त्यांनीं टिपलें आहे. कोणत्याही पानावर वारकऱ्यास ख्रिस्ती करण्याचा आव नाहीं. स्टीफन्सनें मराठींत पुराण लिहिलें. ह्यानें मराठ्यांचें पुराण ऐकलें.

माउलींची पालखी आळंदीहून पुण्यास येते ती विश्रांतवाडी व फुलेनगरवरून, येरवड्याच्या कडेकडेनें. गेल्या आषाढवारींत आम्ही फुलेनगरास उभे होतों. दिंडीमागून दिंडी जात होती. आमच्या शेजारीं तीन तरुण, एक मिझो चेहऱ्याचा, दोन केरळचे वाटले, वारकऱ्यांच्या हातांत पाण्याच्या बाटल्या देत होते. कोठून आलां म्हणून विचारलें तेव्हां, रामवाडीहून, असें एकानें मोडक्या मराठींत सांगितलें, आणि बाटल्यांचें खोकें संपलें म्हणून तो दुसरें आणावयास गेला.